घाटाच्या वरही कामधंदा असतो

प्रति,
पुणे महानगर प्रदेशाचा आराखडा आखणारे सर्व अधिकारी, नगररचनाकार आणि सल्लागार यांस,

विषय : पुरंदर तालुक्यात राहून पुरंदरमध्येच काम करणाऱ्यांची आराखड्यात दखल घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, नवा आराखडा करायची वेळ तुमच्यावर पुन्हा आली आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा हजारो हरकती, सुनावण्या आणि कोर्टकज्जे होऊन शेवटी रद्द झाला. त्याचे नकाशे बाहेर आले तेव्हा आम्हीही मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठं करून करून आपापला गट नंबर शोधला होता. कुणाच्या विहिरीवरून रस्ता, कुणाच्या गोठ्यावर आरक्षण. ज्याचं काहीच गेलं नव्हतं तो त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजत होता. ते आता जुनं झालं. नवा नकाशा अजून पुरता रंगलेला नाही, असं धरून हे लिहितो आहे.

सासवडच्या पलीकडच्या एका गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरण्याचं, दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या, कडबाकुट्टीच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. मी सकाळी शहरात जात नाही आणि संध्याकाळी तिथून परत येत नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुण्याजवळच्या तालुक्यांबद्दल जे कागदोपत्री लिहिलं जातं त्यात आमची दोनच रूपं दिसतात. एक तर आम्ही रोज दिवे घाट उतरून हडपसरला कामाला जाणारे, नाहीतर रस्त्याकडेला बसून जमिनीला गिऱ्हाईक शोधणारे. दोन्ही तऱ्हेची माणसं आमच्यात आहेत. पण इथेच राहून इथेच पोट भरणाऱ्यांची संख्या नजरेत भरण्याइतकी आहे, आणि तुमच्या रंगांच्या पट्टीत त्यांच्यासाठी रंग नाही. पिवळा घरांसाठी, जांभळा कारखान्यांसाठी, हिरवा शेतीसाठी. हिरव्यात माणूस फक्त पेरतो आणि कापतो असं गृहीत. त्या हिरव्यातच वेल्डिंगवाला आहे, ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे, दूध संकलन केंद्र आहे, रोपवाटिका आहे, अंजिराचे खोके विकणारा आहे, आणि मी आहे.

आमच्याकडची माणसं दिवसभरात कुठून कुठे जातात, हे कुणी बसून मोजलं आहे का? मला शंका आहे. वाहनांची मोजणी होते ती घाटात, कारण मोठा रस्ता तिथे आहे. तिथे मोजलं की सगळे पुण्याकडेच धावताना दिसणार. पण मधल्या वाटांवर या. पहाटे दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, वाघापूर या बाजूला अंजिराची तोड चालू असते. अंजीर झाडावरून उतरवलं की दिवस-दोन दिवसांचं धनी. त्यामुळे तोडणाऱ्या बायका उजाडायच्या आत बागेत हव्यात, आणि त्या शेजारच्या गावांतून येतात. सीताफळाच्या हंगामात पाट्या सासवडच्या बाजारात उतरतात. जेजुरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलतात, तिथली पोरं आसपासच्या वाड्यांमधली. पोरी कॉलेजला सासवडला येतात. कुणी जनावराच्या डॉक्टरकडे, कुणी सोसायटीत, कुणी तहसील कचेरीत. ही सगळी ये-जा आडवी आहे, गावातून गावात. तिला ना एसटी नीट आहे ना रस्ता.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2024 मध्ये त्याचा रस पोलंडला निर्यात झाला, तेव्हा पेपरात फोटो आले. आम्हाला अभिमान वाटलाच. पण ज्या बाईनं ते अंजीर तोडलं ती आजही छोट्या टेम्पोच्या हौद्यात उभी राहून येते. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. गाडीच नसेल तर अर्धं कशाचं काढायचं?

जाता जाता एक. पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे आमच्या तालुक्यातून जाते. आंबळे, राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा ही स्टेशनं त्या मार्गावरची. बाहेरचे लोक मात्र नकाशात ‘सासवड रोड’ स्टेशन पाहून तिकीट काढतात आणि घाटाच्या खाली, हडपसरच्या बाजूला उतरतात. तिथून सासवड अजून डोंगरावर. इंग्रजांच्या काळात ते नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण शहरात बसून लांबच्या गावाबद्दल ठरवलं की काय होतं त्याचा तो जुना दाखला आहे. बाकीच्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि स्टेशनातून गावात जायला काही नाही. मार्गाचं दुहेरीकरण झालं, त्याचा उपयोग लांब पल्ल्याच्या गाड्यांना झाला. त्या चार-सहा स्टेशनांपासून आसपासच्या गावांपर्यंतचे रस्ते आणि फेऱ्या तुमच्या आराखड्यात आल्या, तर अर्धा तालुका घाट न उतरता जोडला जाईल, आणि तेही जमीन न घेता.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल, कारण त्यातून मला जे दिसतं ते तुमच्या सर्वेक्षणात येत नाही.

मोटार का जळते? पाणी आटलं आणि ती कोरडी फिरली, एखादा फेज गेला आणि ती दोन फेजवर घरघरत राहिली, किंवा दाब कमी पडला. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, दिवसातून आठ तास वीज, ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मध्यरात्री उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून प्रत्येकानं ऑटो स्विच लावलेला. वीज आली की पूर्ण शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उचल खातात, दाब धाडकन पडतो, आणि कमजोर मोटारीच्या कॉइलमधून धूर निघतो. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. महावितरणवाले ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगतात. मीही सांगतो, माझा धंदा त्यानं कमी होत असला तरी. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं माफ केलं, तेव्हा गावात फटाके वाजले. बिल गेलं, पण मोटार भरायला तांब्याची तार लागते आणि तांब्याचा भाव तुम्हाला माहीतच असेल.

तुम्ही म्हणाल, याचा नगररचनेशी काय संबंध? सांगतो. गेल्या काही वर्षांत आमच्या शिवारात प्लॉटिंग झालं, डोंगराच्या कडेनं फार्महाउसं उभी राहिली. प्रत्येकाला बोअर, बोअरमध्ये सबमर्सिबल, लॉनला पाणी, पोहायचा हौद. ती बोअर खाली जाते तशी शेजारच्या शेतकऱ्याची विहीर आटते, आणि मग त्याची मोटार कोरडी फिरते. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) मात्र जुनंच असतं, त्यावर हा नवा भार चढतो. परवानगी देणारा टेबलावर जमिनीचा आकार बघतो, रस्त्याची रुंदी बघतो. त्या शिवारात पाणी किती आणि त्या रोहित्रावर आधीच किती मोटारी लोंबकळताहेत, हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. नव्या आराखड्यात गावनिहाय भूजलाचा आकडा आणि रोहित्राची क्षमता पाहिल्याशिवाय असल्या विकासाला मंजुरी नको, एवढं तरी घाला.

फार्महाउसवाल्यांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. त्यांच्या मोटारी माझ्याकडेच येतात आणि ते पैसे लगेच देतात. आमचा शेतकरी ‘सीताफळाच्या पट्टीवर देतो’ म्हणतो, आणि ती पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, कधी येते ते खंडोबालाच ठाऊक. राग आहे तो कुंपणांवर. पूर्वी बैलगाडी जायची त्या पाणंदीवर तारेचं कुंपण पडतं, वर कॅमेरा बसतो. मग वहिवाटीसाठी शेतकऱ्यानं तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज करायचा. तो कायदा 1906 चा. निकाल लागेपर्यंत दोन हंगाम जातात, मोटार विहिरीतून काढायला माझा टेम्पो पोचत नाही, आणि आम्ही चौघं मिळून ती खांद्यावरून आणतो. पाणंद रस्ते गावाच्या जुन्या नकाशावर आहेत. तुम्हाला नवीन काही काढायचं नाही, ते जुने तुमच्या नकाशावर चढवायचे आहेत. एकदा आराखड्यात रेघ आली की कुंपण घालणारा दहा वेळा विचार करतो.

पाण्याचं दुसरं प्रकरण याहून गंभीर आहे. पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. कऱ्हा गराड्याच्या बाजूला उगवते आणि वर्षातले कितीतरी महिने ती नावालाच नदी असते, आणि 2019 च्या सप्टेंबरात एका रात्रीत आलेल्या पुरात तिनं काय केलं तेही आम्ही पाहिलं. म्हणून पुरंदर उपसा सिंचन योजना आली. कोरेगाव मूळजवळ मुळा-मुठेतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर आमच्याकडे आणायचं. पुणे खडकवासल्याचं पाणी पितं, वापरतं, आणि गटारातून नदीत सोडतं. तेच आम्ही पंपांनी डोंगर चढवतो आणि वीजबिलाचा 19 टक्के वाटा शेतकरी भरतो. दुष्काळी गावांना त्या पाण्यानं जगवलं, यात शंका नाही. योजना बंद करा असं इथे कुणीच म्हणणार नाही.

पण मी त्या पाण्यावर चालणाऱ्या मोटारी उघडतो. पंपाच्या इंपेलरमध्ये काळा चिकट गाळ, प्लॅस्टिकच्या चिंध्या, केसांचे गुंते. सील लवकर जातं, बुश लवकर झिजतं. वासानं पोरगा बाहेर जाऊन उभा राहतो. ओढ्यात, बंधाऱ्यात सोडलेलं ते पाणी झिरपून विहिरींत उतरतं, आणि वाड्यावस्त्यांवर पिण्याची विहीर आणि शेतीची विहीर वेगळी असतेच असं नाही. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प किती वर्षं चालला आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. शहरातल्या नदीकाठी बाकं आणि फरशी बसवण्याचं काम मात्र आम्हाला येता-जाता दिसतं. आणि त्या पाण्यावर पिकलेला पुरंदरचा वाटाणा, कोथिंबीर, मेथी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पुन्हा पुण्यातल्याच स्वयंपाकघरात जाते, एवढं लक्षात असू द्या. उचललेल्या पाण्याची दर महिन्याला तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. हे सिंचन खात्याचं काम आहे म्हणून तुम्ही बाजूला होऊ नका. महानगर प्रदेश म्हणून शहर आणि तालुका एका रेघेत तुम्हीच आणला आहे. मग त्या रेघेच्या आत कोण पाणी पितं आणि कोण त्याची घाण झेलतं, याचा हिशेबही त्याच कागदावर मांडायला हवा.

पुरंदरच्या नियोजित विमानतळाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांची जमीन जाते आहे त्यांनीच ते बोलावं. फक्त धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं 2016 पासून टांगलेली आहेत. मध्ये जागा बदलायचं ठरलं, मग परत तीच ठरली. 2025 च्या मे महिन्यात मोजणीच्या वेळी पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, पुढे बऱ्याच जणांनी संमतीही दिली. या एवढ्या काळात त्या गावांतून माझ्याकडे नव्या मोटारीची चौकशी क्वचितच आली. जुनीच परत परत भरून न्यायची. ‘राहतंय का जातंय ते कळू दे, मग बघू.’ विहिरीचं खोलीकरण थांबलं, गोठ्याचं पत्र्याचं छप्पर बदलायचं राहिलं, लग्न जमताना मुलीचे वडील जमिनीबद्दल विचारायचे आणि उत्तर नसायचं. भरपाईचा दर ठरवताना हे धरलं जात नाही. आराखड्यात तुम्ही एखाद्या गटावर आरक्षणाचा शिक्का मारता तेव्हा हेच छोट्या प्रमाणात होतं. पुण्याभोवतीच्या रिंगरोडचा 110 मीटरचा पट्टा आमच्याकडून जातो, त्याच्या कडेच्या गावांतही मी तेच बघतो आहे. म्हणून आरक्षण टाकायचं तर मुदत लिहा, आणि मुदत संपली की माणसाला कोर्टात न जाता त्याची जमीन मोकळी होऊ द्या.

आता घरांचं. पुण्याजवळ म्हटलं की तुम्हाला वाटत असेल, आमच्याकडे घरांची काय कमी, सगळीकडे बंगल्यांच्या योजनांचे बोर्ड. खरी अडचण भाड्याच्या खोलीची आहे. शाळेचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतला क्लार्क, दवाखान्यातली सिस्टर यांतले कितीतरी जण हडपसर-फुरसुंगीकडे राहून अप-डाऊन करतात. सकाळी ते घाट चढत असतात तेव्हा आमची पोरं उतरत असतात, आणि दोघंही एकाच वाहतूक कोंडीत अडकतात. मुख्यालयी राहायची अट सरकारनं घातली, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला. ठराव होतात, गुरुजी हडपसरलाच राहतात, आणि हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मी गुरुजींना बोल लावत नाही. बायकोची नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे, आणि गावात नळ-संडास असलेली स्वतंत्र दोन खोल्यांची जागा मागितली तर मिळत नाही. डोंगरावर मात्र चार-चार बेडरूमची घरं सोमवार ते शुक्रवार कुलपात.

माझ्याकडे कामाला आलेला एक चांगला कारागीर याच कारणानं गेला. घरमालकानं गोठ्याला लागून असलेली खोली दिली होती. बायको म्हणाली, इथे मी राहणार नाही. त्या बाईचं बरोबरच होतं. संध्याकाळी पाचनंतर वायरमन, डॉक्टर, सिस्टर सगळे घाटाखाली असतात आणि रात्री काही झालं तर तालुका आपल्या आपण असतो. गावठाणाजवळ, ग्रामपंचायतीच्या किंवा गायरानातल्या मोकळ्या तुकड्यावर, विकायला नव्हे तर फक्त भाड्यानं द्यायला, लहान घरं बांधता येतील अशी तरतूद करा. गावठाणाबाहेर 200 मीटरपर्यंत बिगरशेतीची सवलत आधीच आहे, पण तिथेही शेवटी प्लॉटच पडतात आणि शहरातलाच माणूस ते घेऊन ठेवतो.

आणि आमच्या दुकानांना कायदेशीर पाय द्या. माझी शेड शेतजमिनीवर आहे. आजोबांच्या नावची जमीन, रस्त्याला लागून, म्हणून वडिलांनी तिथे पत्रे टाकले. बिगरशेती करायची तर मोजणी, नकाशा, शुल्क, हेलपाटे, आणि एवढं करूनही जवळच्या रस्त्याची रुंदी कमी म्हणून फाइल परत. त्यामुळे कर्ज मिळत नाही. बॅलन्सिंगचं मशीन घ्यायचं आहे, बँक म्हणते जागेचे कागद दाखवा. औद्योगिक वसाहतीत जा, असा सल्ला एका साहेबांनी दिला होता. साहेब, विहिरीत लटकलेली मोटार औद्योगिक वसाहतीत येत नाही, मला विहिरीजवळच बसावं लागतं. शेतीला लागणारी दुरुस्तीची दुकानं, फळांची प्रतवारी, छोटं शीतगृह, दुधाचा टँक, असल्या कामांना हजार-दीड हजार चौरस फुटांपर्यंत हिरव्या पट्ट्यात सरळ नोंदणीवर परवानगी हवी. अंजिराच्या गावात एक छोटं शीतगृह असतं तर व्यापाऱ्यानं सकाळी सांगितलेला भाव निमूट घ्यावा लागला नसता.

शेवटची मागणी प्रक्रियेची. मागच्या वेळी हरकती नोंदवायच्या, सुनावणीला जायचं म्हणजे आमच्या माणसाला सगळं पुणे ओलांडून पलीकडे जावं लागत होतं. तुमचं कार्यालय आकुर्डीला. वाल्ह्याच्या किंवा परिंच्याच्या शेतकऱ्यानं दुधाची धार काढून निघायचं तर आकुर्डीत तो जेवणाच्या सुट्टीत पोचणार. या वेळी पुरंदरच्या सुनावण्या सासवड, जेजुरी आणि नीरा इथे घ्या. नकाशे गट नंबरासह, मराठीत, ग्रामपंचायतीत छापील लावा, मोबाइलवरच्या फाइलवर भागवू नका. बाजाराचा वार आणि पालखीचे दिवस सोडून तारीख ठेवा. माउली सासवडला मुक्कामी असताना इथे कोणाला हरकत लिहायला सवड नसते. आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी तुमच्यापैकी कुणी घाटातून न येता गावागावातून हिंडायला तयार असेल, तर गाडी आणि माणूस मी देतो. फक्त रात्रीच्या विजेचा आठवडा असेल तर दुपारनंतर या, सकाळी माझ्या दारात जळक्या मोटारींची रांग असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुरंदर तालुक्यातला एक रिवाइंडिंगवाला